शांतिरक्षणाची उमेदवारी

आंतरराष्ट्रीय शांतिरक्षण व सुरक्षा या विषयांच्या संशोधनात पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी करावयाची उमेदवारी हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडील श्रोत्यांच्या मनात असे येणे स्वाभाविक आहे की, न्यूयॉर्क-जिनीव्हाच्या या गोष्टींशी आमच्या जिल्ह्याचा संबंध तो काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचाच आज प्रयत्न करावयाचा आहे.

हल्ली ज्याला 'इंटर्नशिप' म्हणतात, त्याला आपल्याकडे 'उमेदवारी' हा चांगला जुना शब्द आहे. (निवडणुकीतल्या उमेदवारीशी श्रोत्यांनी तिचा घोटाळा करू नये.) वकिलाच्या हाताखाली, सोनाराच्या पेढीवर किंवा छापखान्यात खिळे जुळविताना नवशिका आधी उमेदवारी करी. संशोधनाचा धंदाही असाच हाताखाली राहूनच शिकावा लागतो. पुस्तकातून विषय कळतो. कागद कसा वाचावा, हे मात्र ज्याने हजार कागद वाचले आहेत त्याच्या शेजारी बसूनच कळते.

प्रथम या विद्येचा कच्चा माल कसा असतो, ते एका उदाहरणावरून पाहू. कोरियातील युद्ध १९५३ सालच्या जुलैत थांबले, परंतु बावीस हजारांहून अधिक चिनी व उत्तर कोरियन युद्धकैदी स्वदेशी परतण्यास तयार नव्हते. त्यांचे काय करावयाचे हे ठरविण्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले. त्याचे अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या. कैद्यांच्या प्रत्यक्ष राखणीसाठी भारताने जी फौज पाठविली, तिचे सेनापती होते आपल्या कोल्हापूरकडील वडगावचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी आपल्या भूमीवर भारतीय सैनिकांना पाऊलही टाकू देणार नाही असा हट्ट धरल्यामुळे, ही फौज जहाजांवरून हेलिकॉप्टरांनी उचलून लष्करमुक्त पट्ट्यात नेऊन उतरवावी लागली. तेथे तिने जो तळ दिला त्याला 'हिंदनगर' असे नाव पडले. पुढे एके दिवशी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यालाच कुंपणाआड ओढून धरून ठेवले. थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले, कैद्यांशी बोलले, आणि गोळी न झाडता त्या अधिकाऱ्याला सोडवून घेऊन बाहेर आले.

आपण ही शौर्यकथा म्हणून ऐकतो आणि ते योग्यच आहे. परंतु अभ्यासक येथे थांबत नाही. तो विचारतो : राखणदारांना बळ वापरण्याचा अधिकार कोणत्या कलमाने, कोणत्या मर्यादेपर्यंत दिला होता? कैद्यांच्या छावणीत खरी सत्ता कोणाची होती? जो कैदी परत जाण्याची इच्छा उघड बोलून दाखवील, त्याचे रात्री काय होई? शास्त्रीय अर्थाने ही संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना नव्हती. किंबहुना त्या युद्धात संयुक्त राष्ट्रसंघ हा स्वतःच एक पक्ष होता. त्याची पहिली सशस्त्र शांतिसेना १९५६ साली सुएझच्या प्रकरणात उभी राहिली आणि तीतही भारतीय पलटणी होत्या. पण ज्या तीन तत्त्वांवर पुढे या कामाची इमारत उभारली गेली, म्हणजे उभय पक्षांची संमती, निःपक्षपात आणि स्वसंरक्षणाखेरीज बळाचा उपयोग न करणे, त्यांची कसोटी हिंदनगरात आधीच लागली होती. थिमय्यांची त्या काळातील रोजनिशी १९८१ साली प्रसिद्ध झाली आहे. इंग्रजी वाचता येणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला ती वाचता येईल.

आता वाशीमकडे वळू. हे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथील राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट याच गावी सापडला. वाकाटकांच्या दानपत्रांत, दान दिलेल्या गावाला मिळणाऱ्या सवलतींच्या यादीत एक शब्द येतो, 'अभटच्छत्रप्रावेश्य'. त्याचा भावार्थ, या गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये. दीड हजार वर्षांपूर्वीच्या खेडुताला शिपायाच्या वाटेतून सुटका ही करमाफीइतकीच मोलाची वाटत होती, हे त्या एका शब्दावरून कळते. नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी हे लेख तपासून १९६३ साली ग्रंथरूपाने एकत्र प्रसिद्ध केले. त्यांनी ज्या चिकाटीने एकेक अक्षर लावले, त्याच चिकाटीने आज सुरक्षा परिषदेचा ठराव वाचावा लागतो. 'आवश्यक ते सर्व उपाय' हे शब्द एखाद्या ठरावात आहेत की नाहीत, एवढ्यावर हजारो मैलांवरच्या शिपायाने बंदूक केव्हा उचलावी हे ठरत असते. मिराशींच्या विदर्भातील विद्यार्थ्याला ही विद्या परकी वाटण्याचे काही कारण नाही.

उमेदवाराचे रोजचे काम मात्र दिसायला नीरस असते. एका मोहिमेचे चार-पाच वर्षांचे अहवाल घ्यावयाचे. कोणते कलम अमलात आले, कोणते कागदावर राहिले, याची कोष्टके करावयाची. मृत सैनिकांची संख्या देशवार मांडावयाची. वरिष्ठांच्या टिपणाचे आधार तपासावयाचे. स्टॉकहोम येथील शांतिसंशोधन संस्थेत (स्थापना १९६६) अशा मोहिमांची आकडेवारी सातत्याने ठेवली जाते. न्यूयॉर्क येथे १९७० साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय शांति अकादमीचे पहिले अध्यक्ष तर आपल्याकडचेच मेजर जनरल इंदरजित रिखी होते. ती संस्था आज वेगळ्या नावाने चालू आहे. भारतात दिल्लीची संरक्षण अध्ययन संस्था १९६५ पासून काम करीत असून २०२० पासून तिला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. वाशीमच्या विद्यार्थ्याने पहिली पायरी पुणे किंवा दिल्ली येथेच शोधावी, असे माझे मत आहे.

आणि येथे खरी अडचण येते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयात उमेदवाराला वेतन मिळत नाही. प्रवास, व्हिसा, निवास, भोजन, सारे त्याने स्वतः किंवा त्याला पाठविणाऱ्या संस्थेने सोसावयाचे असते, आणि मुदत दोन ते सहा महिन्यांची. २०१५ साली जिनीव्हात असा एक न्यूझीलंडचा तरुण तंबू ठोकून राहत असल्याचे वृत्त जगभर गाजले. प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी आपण हे मुद्दाम केले, असे त्याने पुढे सांगितले. त्याने तंबू मुद्दाम ठोकला असला तरी प्रश्न खोटा ठरत नाही. सोयाबीन निघाल्यावर घरचा वर्षाचा हिशेब लागतो अशा कुटुंबातील मुलाला न्यूयॉर्कचे सहा महिने म्हणजे शेत गहाण टाकणे होय. मग तेथे जातो कोण? ज्याच्या बापाला परवडते तो. २०२५ पर्यंत भारताने शांतिकार्यासाठी २,९०,००० हून अधिक माणसे पाठविली आणि त्यांपैकी सुमारे १८० प्राणास मुकली. ही माणसे बहुतांशी खेड्यांतून आलेली. त्यांच्या कामाचा जमाखर्च लिहिणारे मात्र दुसऱ्याच घरांतील असावेत, ही स्थिती मला अन्यायाची वाटते. ज्ञानाच्या दृष्टीनेही ती नुकसानीची आहे, कारण शिपाई गावात शिरला म्हणजे गावाला काय वाटते, हे गावच्या मुलाला निराळेच कळते.

उपाय त्या नियमातच आहे. 'पाठविणाऱ्या संस्थेने' हे शब्द आपल्या उपयोगाचे आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले. आज संस्थानिक नाहीत. परंतु अमरावतीचे विद्यापीठ आहे, कारंज्यासारखी जुनी व्यापारी गावे आहेत, बाजार समित्या आहेत. पदवीशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळतात. चार महिन्यांच्या उमेदवारीसाठी कोणी पैसे देत असल्याचे सहसा ऐकू येत नाही. जिल्ह्यातून वर्षाला एक विद्यार्थी एवढ्यानेच आरंभ करावा. पहिली दोन वर्षे दिल्लीस पाठवावा, म्हणजे खर्च आवाक्यात राहील. निवड करताना गुणपत्रिकेपेक्षा एक गोष्ट पाहावी : सुरक्षा परिषदेचा कोणताही एक ठराव घेऊन त्यावर चार पानी टिपण लिहून आणण्यास सांगावे. ठराव इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य मिळतात. टिपण मराठीत असावे, आणि परत आल्यावर त्याने आपले काम मराठीतच आपल्या महाविद्यालयापुढे मांडावे, एवढी अट घालावी. ज्याला आजच सुरुवात करावयाची असेल, त्याने कोरियातील त्या बावीस हजार कैद्यांचे प्रकरण घ्यावयास हरकत नाही.