उन्हाचे मलम कसे निवडावे?

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या वेळी झालेले भाषण)



गच्चीवर कुरडया-पापड घालण्याचे हे दिवस. म्हणून सनस्क्रीनविषयी दोन शब्द बोलावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. मी डॉक्टर नव्हे. परंतु या बाबतीत ठेच लागलेली बाई आहे. गालांवर वांग आले तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी दिलेले गोरे करणारे मलम मी सहा महिने चोळले. आधी चेहरा उजळला. मग कातडी पातळ होऊन लाल झाली, आणि वांग पूर्वीहून काळे पडले. त्यात स्टिरॉइड होते, हे पुढे त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितले. तेव्हा गोरे करण्याचे मलम निराळे आणि उन्हाचे निराळे, हे आधी ध्यानात घ्यावे. (सावळ्या रंगात दोष तो कसला, हे पुन्हा केव्हातरी बोलू.)

नळीवर एस.पी.एफ. असा आकडा असतो. कातडी भाजणारे जे 'बी' किरण, त्यांच्यापुरताच तो आहे. १५ आकड्याचे मलम हे किरण शेकडा ९३ अडविते, ३० चे ९७ आणि ५० चे ९८. मग १०० आकड्यासाठी दुप्पट पैसे का मोजावे? 'ए' किरण मात्र खोल जातात आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. त्यांच्यासाठी 'पी.ए.' या अक्षरांपुढची अधिक चिन्हे मोजावी. तीन-चार असली म्हणजे बरे. वांग असेल तर साध्या उजेडानेही ते गडद होते. अशांनी आयर्न ऑक्साइड असलेले, रंगाची छटा दिलेले मलम घ्यावे.

कातडी नाजूक असेल तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायॉक्साइडचे मलम चांगले. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१९ साली १६ द्रव्ये तपासून ही दोनच सुरक्षित व गुणकारी मानावी, असे सुचविले. दोन नाकारली, उरलेल्या १२ विषयी अधिक माहिती मागविली, ती घातक आहेत असे म्हटले नाही. झिंकने चेहरा गिरणीतून आल्यासारखा पांढुरका दिसतो खरा!

आता आपली खरी चूक. आपण मसुराएवढे मलम घेऊन चेहरा, मान, सारे उरकतो. नळीवरचा आकडा हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. चेहऱ्यामानेला तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात. त्याहून कमी लावले तर ५० चे मलम ५० चे राहत नाही. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावे, उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसला की लगेच. महागडी नळी पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा स्वस्त नळी सढळ हाताने वापरलेली बरी. छत्री आणि पदर आहेतच. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मलम लावू नये, सावलीत ठेवावे.

मी माझी नळी बरोबर आणली आहे. पानसुपारीच्या वेळी प्रत्येकीने दोन बोटांवर रेघा काढून पाहाव्या.