बुडीत कंपनी आणि धनकोची रांग

न्यायालयाचा हुकूमनामा हाती आला म्हणजे रक्कमच हाती आली, अशी सर्वसाधारण समजूत असते. उज्जैनच्या विनोद मिल्सकडून आपले येणे वसूल करू पाहणाऱ्या मुंबईच्या एका धनकोला ही समजूत 1987 साली सर्वोच्च न्यायालयात सोडावी लागली.

धनकोजवळ हुकूमनामा होता. त्याची अंमलबजावणी व्हावी एवढेच त्याचे मागणे. परंतु मध्य प्रदेश शासनाने 1978 च्या अधिनियमान्वये ही गिरणी ‘सहायता उपक्रम’ म्हणून घोषित केली होती. बेकारी टाळण्यासाठी जो कारखाना चालू राहणे आवश्यक, त्याची देणी मर्यादित मुदतीपुरती तहकूब ठेवण्याची सोय त्या अधिनियमात होती. हुकूमनाम्याची अंमलबजावणीही या तहकुबीत मोडते, असा निर्णय झाला. यंत्रसामग्रीवरच जप्ती आली तर गिरणी चालावी कशी, असा त्यामागील रोखठोक विचार.

तहकुबी म्हणजे कर्जमाफी नव्हे. मुंबई राज्याच्या 1958 च्या अशाच अधिनियमात हे स्पष्ट लिहिले होते: अधिसूचनेची मुदत सरताच धनकोचा हक्क पुन्हा जिवंत होतो व मधला काळ दाव्याच्या मुदतीत धरला जात नाही. मात्र तोवर कारखान्यात काय शिल्लक उरेल, याची हमी कोणताच कायदा देत नाही. विनोद मिल पुढे बंद पडली, अवसायनात गेली. ज्या कामगारांच्या रोजीसाठी धनकोला थांबविले होते, त्यांच्या स्वतःच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न 2019 सालीही सर्वोच्च न्यायालयापुढे होता. धनको थांबला आणि कामगारही थांबला. या दोहोंत अधिक दीर्घ प्रतीक्षा कोणाची, हे सांगावयास नको.

कामगाराला कायद्याने निदान पुढची जागा दिली आहे. 1985 साली कंपनी अधिनियमात दुरुस्ती होऊन त्याची देणी तारणधारक धनकोच्या बरोबरीला आली. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हाच क्रम 24 महिन्यांच्या देण्यांपुरता राखला. विनातारण धनको त्यांच्यामागे.

सभासदत्वाची रक्कम आगाऊ घेऊन ती हप्त्याहप्त्याने परत करण्याचे वचन देणाऱ्या कंपन्यांचे ग्राहक बहुधा याच मागच्या रांगेत असतात. व्याजाने ठेव दिली असेल तर तो वित्तीय धनको. सेवेसाठी आगाऊ रक्कम भरली असेल तर बहुधा व्यवहारिक धनको, आणि त्याचा क्रम आणखी खाली. चकचकीत कागदावरील ‘हमी’ या शब्दाने तारण निर्माण होत नाही. हप्ता चुकला म्हणून एकट्याने दावा लावणेही, संहितेखालील कार्यवाही दाखल होऊन स्थगिती लागू झाल्यावर, थांबते. हुकूमनामाधारकाची गणना संहितेने धनकोंतच केली आहे. परंतु त्यालाही ठराव व्यावसायिकाकडे आपला दावा पुराव्यासह नोंदवावा लागतो. पावती, करारपत्र, बँकेच्या नोंदी हाच तो पुरावा. वृत्तपत्रातील जाहीर सूचना न वाचल्याने दावाच न नोंदविलेले लोक पुष्कळ असतात. कायद्यापेक्षा त्यांचे नुकसान या बेसावधपणानेच अधिक होते.

कंपनीला मिळालेली ही स्थगिती तिच्या चालकांना मात्र पांघरूण घालीत नाही. न वटलेल्या धनादेशाचा खटला कंपनीविरुद्ध थांबला, तरी धनादेशास जबाबदार असलेल्या संचालकांविरुद्ध तो चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली ठरविले. कंपनीच्या कर्जाला व्यक्तिशः जामीन राहिलेल्याविरुद्धची वसुलीही या स्थगितीने अडत नाही. म्हणून हप्त्यापोटी दिलेला आणि परत आलेला धनादेश रागाने फाडून टाकू नये. बँकेच्या परतीच्या कागदासह तो जपून ठेवावा आणि रकमेच्या मागणीची लेखी नोटीस 30 दिवसांच्या आत पाठवावी.