कॅमेरा हातात आला, पडदा वस्तीत कधी येणार?

(वस्तीतल्या तरुणांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज इथं बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे, रेडिओ आहे, कॅमेरा आहे. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नव्हती. साठ-सत्तरच्या दशकातल्या पोरांनी सायक्लोस्टाइलच्या शाईत हात काळे करून अनियतकालिकं काढली. तुम्हाला आता कुणा संपादकाच्या पाया पडायचं कारण नाही. बोट दाबलं की तुमचा शब्द हजारो लोकांपर्यंत जातो.

मग वस्तीचा नळ अजून कोरडा का?

हा सवाल मी तुमच्यापुढं ठेवायला आलोय. आपण रोज व्हिडिओ काढतो, पुढं ढकलतो, खाली जयभीम लिहितो, किती जणांनी पाह्यलं त्याचे आकडे मोजतो. पण संडासाचं दार तुटलंय ते तुटलंयच. गटारात उतरलेला भाऊ मरतोय तो मरतोयच. का? कारण आपलं चित्र वस्तीतून बाहेर जातं, ते परत वस्तीत येत नाही. ज्या बाईचं दुःख टिपलं तिला ते दाखवलं जात नाही. ज्या साहेबानं जाब द्यायचा त्याच्यापुढं ते ठेवलं जात नाही. ते जातं कंपनीच्या घाण्यात. कंपनी त्यावर जाहिराती विकते आणि तेल तिच्याच घरात गळतं. आपण नुसते बैल.

याच्या नेमकं उलटं काम कुठं झालं ते सांगतो. जागा फार लांबची आहे, पण झोपडपट्टी हटाव ज्यानं भोगलंय त्याला ती परकी वाटणार नाही.

कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचं बेट आहे. साधारण 5,000 मच्छिमारांची वस्ती, दहाच्या आसपास विखुरलेली गावं. गरिबी होती, आणि सरकार म्हणत होतं, बेट सोडा, दुसरीकडं जा. कॅथलिक एकीकडं, प्रॉटेस्टंट दुसरीकडं. या गावाचं त्या गावाशी पटत नव्हतं. 1967 साली तिथल्या राष्ट्रीय फिल्म मंडळाचा कॉलिन लो आणि विद्यापीठाचा डॉन स्नोडन ही मंडळी कॅमेरा घेऊन गेली. त्यांनी लोकांच्या बोलण्याच्या पंचवीसच्या वर छोट्या फिल्म केल्या. आता नीट ऐका, खरी गोष्ट पुढंच आहे. त्या फिल्म आधी बेटावरच दाखवल्या. गावोगाव पडदा लावला. ज्याचं बोलणं त्याला आधी दाखवलं; नको वाटलं तर काढून टाकायला सांगायचा हक्क त्याचा. समोरासमोर जे कधी बोलले नाहीत, ते पडद्यावर एकमेकांचं ऐकायला लागले, आणि पडदा उतरल्यावर भांडत का होईना, बोलायला लागले. मग लोकांच्या संमतीनं त्या फिल्म मंत्र्यांपुढं गेल्या. मत्स्यव्यवसाय मंत्र्याला उत्तर द्यावं लागलं. ते उत्तरही कॅमेऱ्यावर घेतलं आणि बेटावर आणून लोकांना दाखवलं.

चक्र पुरं झालं, दोस्तहो. खालून वर, वरून पुन्हा खाली.

फिल्मनं बेट वाचवलं असं मी म्हणणार नाही. मच्छिमारांनी सहकारी संस्था उभारली, बोटी बांधल्या, म्हणून बेट टिकलं. फिल्मनं त्यांना एकमेकांचा आवाज ऐकवला. बेट उठलं नाही. आजही तिथं लोक राहतात.

तुम्ही म्हणाल, ती गोऱ्यांची गोष्ट, आपल्या बायाबापड्यांचं काय? मग जहिराबादकडं चला. तेलंगणातल्या पस्तापूर भागात दलित शेतमजूर बाया संघम करून उभ्या राहिल्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्या कॅमेरा चालवायला शिकल्या, आणि कॅमेऱ्याच्या नजरेला त्यांनी स्वतःची नावं दिली. वरून खाली बघणारा कॅमेरा म्हंजे पटेल शॉट, कारण जमीनदार तसाच बघतो. खालून वर बघणारा म्हंजे गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवून, समान पातळीवर बघणारा तो संघम शॉट. च्यायला, कुठल्या फिल्म शाळेनं शिकवलं असतं हे? याच बायांनी वरंगळच्या शेतांत हंगामामागून हंगाम फिरून बीटी कापसाचा खरा हिशोब टिपला. 15 ऑक्टोबर 2008 ला त्यांचा संघम रेडिओ सुरू झाला. स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या बियाण्यावर, स्वतःच्या गाण्यावर.

कवी-लेखक मित्रांनो, हा धडा तुमच्यासाठी आहे. आपण आपल्याच माणसाचं चित्र कुठल्या शॉटमध्ये काढतो? उकिरड्यावरचं पोर, रडणारी म्हातारी, वरून टिपलेली आणि दया मागणारी. हा पटेल शॉट आपल्याच हातानं आपण मारतो. कविताही तशीच. अनोळखी माणसानं अंगठा दाखवावा म्हणून लिहिलेली कविता त्याच्या तोंडाकडं बघत लिहिली जाते. ती वस्तीत वाचा. एखादी आजी म्हणेल, बाबा, असं नव्हतं रे ते. तिथून तुमची दुसरी, खरी कविता सुरू होईल.

आता अत्याचाराचं बघू. खैरलांजीचं हत्याकांड 29 सप्टेंबर 2006 चं. मोठ्या वर्तमानपत्रांना जाग यायला आठवडे लागले. 11 जुलै 2016 ला उनामध्ये आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं. तो व्हिडिओ मारणाऱ्यांनीच काढला, मिरवायला म्हणून पसरवला. नुसता बघत राह्यलो असतो तर ती आपल्याच अपमानाची जाहिरात ठरली असती. गुजरातच्या दलितांनी मेलेली ढोरं उचलायला नकार दिला, सुरेंद्रनगरला कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली, आणि त्या व्हिडिओचा अर्थ उलटा झाला. व्हिडिओला उत्तर व्हिडिओनं दिलं नाही, कामबंदीनं दिलं. हे विसरू नका.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नुसत्या भाषणावर टाळ्या वाजवून घरी जाऊ नका.

एक. महिन्यातून एक रविवार वस्तीच्या भिंतीवर पांढरी चादर लावा. महिनाभर जे टिपलं ते आधी तिथं दाखवा. पहिलं बोलणं बायांचं. पाण्याची रांग कोण लावतं? पोरं नाही लावत.

दोन. ज्याचं चित्र, त्याचा हक्क. तो म्हणाला काढून टाक, तर काढायचं. तुमची प्रसिद्धी होते, पण नोकरी त्याची जाते आणि रात्री दारात पोलीस त्याच्या येतो.

तीन. मग वॉर्ड ऑफिसात जा. पंधरा-वीस जण जा. चित्र साहेबापुढं ठेवा, उत्तर मागा, तारीख मागा. जे उत्तर मिळेल ते पुढच्या रविवारी त्याच भिंतीवर सांगा. तारीख टळली की काय करायचं ते वस्ती ठरवेल. मोर्चा, घेराव, जे ठरेल ते.

चार. अत्याचाराचं चित्रण हाती आलं तर पुढं ढकलायची घाई करू नका. मूळ फाइल मूळ फोनमध्ये जपा. कोर्टात खरेपणाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. आणि ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम 15-अ वाचा. 2015 च्या दुरुस्तीनं ते आलं. त्याच्या दहाव्या पोटकलमात म्हटलंय की या कायद्याखालच्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रण व्हावं. हा आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. प्रत्येक खटल्यात तो मागा.

मित्रहो, यंत्राला जात नसते असं सांगणारे भेटतील. त्यांना विचारा, मग ते कुणाकडं वरून बघतं आणि कुणाकडं खालून? यंत्र आपल्या हातात आलंय. आता ते डोळ्याच्या पातळीवर धरा, आणि चादर घेऊन या. येत्या रविवारी कुठली भिंत, ते आत्ताच ठरवू.

जयभीम!