बुरशी आलेले अन्न आणि आपले आरोग्य

(व्याख्यानाचा सारांश)



पावसाळ्यात पावाचा किंवा चटणीचा एखादा घास पोटात गेल्यावर बुरशी दिसते आणि घरात घबराट उडते. अशा वेळी प्रथम धीर धरावा. निरोगी मनुष्यास एका घासाने बहुधा काही होत नाही. फार तर मळमळ, उलटी किंवा जुलाब होतात. मुद्दाम उलटी काढू नये. चूळ भरून पाणी प्यावे, उरलेले अन्न हुंगून पाहू नये. दमेकरी, तान्ही बाळे, गरोदर माता आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्याबाबतीत मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. धाप लागणे, चेहऱ्यावर सूज येणे, उलट्या न थांबणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

खरे भय आहे ते दिवसेंदिवस पोटात जाणाऱ्या बुरसट धान्याचे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत अवकाळी पावसाने मका भिजला. तोच मका आदिवासी कुटुंबांनी कित्येक आठवडे खाल्ला. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी साठले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्या घरांतील अन्नावर वाढलेली कुत्रीही मेली. कारण होते अफ्लाटॉक्सिन, म्हणजे धान्यावरील एका बुरशीने निर्माण केलेले विष. ते यकृतावर आघात करते. थोडे थोडे, पण वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो. 'ब' प्रकारची कावीळ असलेल्यांना हा धोका अनेक पटींनी अधिक. शिजवल्याने वा भाजल्याने हे विष पूर्णतः जात नाही.

आपल्या सातारा-सांगली भागात भुईमूग, मका, हळद घरोघरी येतात. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत कृष्णाकाठी कित्येकांचे साठवलेले धान्य भिजले. असे धान्य वाळवून पुन्हा वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. शेंगा खडखडीत वाळवूनच पोत्यात भराव्यात, पोती जमिनीला व भिंतीला टेकवू नयेत. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा निवडून टाकावा. अशा दाण्यांचा कूट करू नये. पावाचा बुरसटलेला भाग काढून उरलेला खाणेही चुकीचे, कारण बुरशीचे तंतू आत दूरवर पसरलेले असतात.

ज्याचा रस, गंध, स्पर्श पालटला ते 'चलितरस' अन्न आपल्या आचारात अभक्ष्य मानले आहे. पिठाला पावसाळ्यात तीन दिवसांची मर्यादा सांगितली आहे. जीवरक्षेसाठी पाळलेला हा नियम आरोग्याचेही रक्षण करतो.

एक विनंती करून थांबतो. घरात नको झालेले बुरसट धान्य गडीमाणसांना देऊ नये, गाई-म्हशींपुढेही टाकू नये. गाईच्या पोटात गेलेल्या विषाचा अंश दुधातून आपल्याच मुलांपर्यंत पोहोचतो. अन्न वाया जाऊ नये ही भावना थोर आहे. पण तिची जपणूक धान्य वाळवताना आणि साठवताना करावी. जे आपण खाणार नाही, ते दान म्हणून देणे हे दानही नव्हे आणि दयाही नव्हे.

जयजिनेंद्र.