एकच पदार्थ, दोन बातम्या



१९९८ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतले दोन खेळाडू एकाच पदार्थामुळे बातम्यांत आले. त्या पदार्थाचं नाव अँड्रोस्टेनडायोन. शरीरात गेल्यावर त्यापासून टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार होतं. पहिला खेळाडू रँडी बार्न्स. गोळाफेकीत अटलांटा ऑलिंपिकचं सुवर्णपदक त्याच्याकडे होतं आणि जागतिक विक्रमही त्याच्याच नावावर होता. जुलैमध्ये तो चाचणीत दोषी आढळल्याचं जाहीर झालं. पूर्वी एकदा त्याच्यावर बंदी आलेली होती, त्यामुळे ही दुसरी खेप ठरली आणि शिक्षा झाली कायमच्या बंदीची. गोळाफेक हा काही अमेरिकेतला लाडका खेळ नव्हे. विषय लवकरच मागे पडला.

दुसरा खेळाडू मार्क मॅग्वायर, बेसबॉलचा अवाढव्य फटकेबाज. एका मोसमात ६१ होम रन, हा रॉजर मॅरिसचा १९६१ पासूनचा विक्रम तो मोडणार की सॅमी सोसा, या शर्यतीनं सारा देश वेडावला होता. चार वर्षांपूर्वीच्या संपामुळे बेसबॉलवर रुसलेले प्रेक्षक परतले होते. अशा ऐन रंगात, ऑगस्टमध्ये असोसिएटेड प्रेसचे बातमीदार स्टीव्ह विल्स्टीन यांना मॅग्वायरच्या कपाटात एक बाटली दिसली. तिच्यावरचं नाव त्यांनी टिपून घेतलं, चौकशी केली आणि बातमी दिली. पदार्थ तोच. ऑलिंपिकमध्ये त्यावर बंदी होती, बेसबॉलमध्ये मात्र नव्हती, आणि दुकानात तो उघडपणे मिळत होता.

गहजब झाला खरा, पण तो बातमीदारावर. दुसऱ्याच्या कपाटात डोकावलातच का, असं त्यांनाच विचारलं गेलं. जाणकार म्हणवणाऱ्या कित्येक लेखकांनी मॅग्वायरची पाठराखण केली. सप्टेंबरमध्ये विक्रम मोडला, मोसमाअखेर आकडा ७० वर गेला आणि त्या गोळ्यांची विक्री भराभर वाढली. आपण स्टेरॉइड घेत होतो, हे मॅग्वायरनं कबूल केलं २०१० साली.

नियमांतला फरक मी नाकारत नाही. पण लोकांचं मत नियमपुस्तक वाचून बनलेलं नव्हतं. एकाची कहाणी कुणी सांगितलीच नव्हती. दुसऱ्याची कहाणी महिनोन्‌महिने रोज सांगितली जात होती. मुलाला कडेवर घेणारा, प्रतिस्पर्ध्याला मिठी मारणारा, रुसलेला खेळ पुन्हा उभा करणारा नायक! ती मनात इतकी घट्ट बसली होती, की बाटलीला तिथं जागाच उरली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: उत्तेजकांबद्दलचा आपला राग किंवा आपली माफी त्या औषधाच्या गुणावरून ठरत नाही. त्या खेळाडूविषयी आधी जे ऐकवलं गेलेलं असतं, त्यावरून ती ठरते.

आता आपल्याकडे येऊ. नरसिंग यादव म्हणजे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा मिळवलेला मुंबईचा पैलवान. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी ७४ किलो गटात तो जावा की सुशीलकुमार, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नरसिंगचं नाव कायम राहिलं. जुलैमध्ये बातमी आली, की त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. त्यानं घातपाताचा आरोप केला. त्या क्षणापासून वाहिन्यांवर एक मालिकाच सुरू झाली. खाण्यात कुणी काय मिसळलं? कुणाच्या सांगण्यावरून? १ ऑगस्टला नाडानं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं, त्याचं म्हणणं मान्य केलं. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादानं ते फेटाळलं आणि चार वर्षांची बंदी घातली. लवादापुढे तज्ज्ञाचं मत होतं, की पहिल्या नमुन्यातलं प्रमाण पेयात मिसळलेल्या भुकटीपेक्षा एकदोन गोळ्या घेतल्याशी अधिक जुळतं. हे रसायनशास्त्र किती वाहिन्यांनी प्रेक्षकांना समजावून सांगितलं? आजही तालमीच्या कट्ट्यावर विषय निघाला, तर 'पोराला अडकवलं' किंवा 'त्यानं घेतलंच असणार' या दोनच बाजू ऐकू येतात. पुराव्याची तिसरी बाजू चर्चेत उतरलीच नाही.

तीन वर्षांनी क्रिकेटपटू पृथ्वी शॉ. इंदूरच्या स्पर्धेत फेब्रुवारी २०१९ मध्ये घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते नकळत गेलं, हा त्याचा खुलासा क्रिकेट मंडळानं स्वीकारला आणि मागील तारखेपासून आठ महिन्यांची बंदी ३० जुलैला जाहीर केली. आपल्या घराघरांत कफ सिरपची बाटली असते, त्यामुळे ही गोष्ट सगळ्यांना पटली. खुलासा खोटा होता असं मी म्हणत नाही. पण त्याच दिवशी मंडळानं आणखी दोन खेळाडूंवर कारवाई जाहीर केली होती, एक विदर्भाचा आणि एक राजस्थानचा. त्यांनी काय घेतलं, कसं घेतलं, त्यांचा खुलासा काय होता? बहुतेकांना आठवणार नाही, कारण फार कुणी विचारलंच नाही. मंडळाचे खेळाडू त्यानंतर महिन्याभरातच नाडाच्या चाचणीकक्षेत आले. खरी मोठी घडामोड ती होती, आणि चर्चेत वरचढ ठरली कफ सिरपची बाटली.

एकाच माणसाला खलनायक केलं की आणखी एक तोटा होतो. १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकला कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन याचं शंभर मीटरचं सुवर्णपदक उत्तेजकामुळे गेलं, तेव्हा जगभरातल्या कॅमेऱ्यांना एकच चेहरा पुरला. पुढल्या वर्षी कॅनडात न्यायमूर्ती चार्ल्स डुबिन यांच्या आयोगापुढे साक्षी झाल्या. प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी वर्षानुवर्षं चाललेल्या औषधांच्या आखणीचा पाढा वाचला. औषधं पुरवणारा डॉक्टरही समोर आला. त्या अंतिम शर्यतीतल्या आठ धावपटूंपैकी सहांची नावं पुढे कधी ना कधी उत्तेजकांच्या प्रकरणांशी जोडली गेली. म्हणजे सोलच्या रात्री सांगितली गेलेली गोष्ट खोटी नव्हती, फार छोटी होती. मोठी गोष्ट सांगायला चौकशी लागली आणि त्या चौकशीला रोज जागा देणारे बातमीदारही लागले.

आपल्याकडेही कॅमेरा काय करू शकतो, ते सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेच्या वेळी स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज पडल्याची चित्रफीत पसरली. नाडाचे अधिकारी आल्याचं कळताच कित्येक खेळाडू मैदानातून निघून गेले आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीत धावायला एकच जण उरला. खेळाच्या वर्तुळात जे दबक्या आवाजात बोललं जात होतं, ते त्या आठवड्यात देशानं पाहिलं. इथं कुणी तारा नव्हता, म्हणूनच कदाचित प्रश्न थेट व्यवस्थेला विचारले गेले. सुया कोण विकतं? प्रशिक्षकाला ठाऊक असतं का?

श्रोतेहो, हे सगळं मी ज्याच्यासाठी सांगतोय, त्याचं नाव नाडाच्या यादीत कधीच येणार नाही. पोलीस भरतीसाठी तो पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर धावतो, गोळा फेकतो. मैदानी चाचणीच्या आधी इंजेक्शन किंवा गोळी घेताना तरुण सापडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात येऊन गेल्या आहेत. आजवरच्या बातम्यांतून त्यानं काय शिकावं? पकडलं गेलं की पदक जातं, बंदी येते. त्याच्याकडे पदक नाही, त्याला बंदीचं भय नाही. स्टेरॉइडनं यकृत आणि हृदय बिघडू शकतं, शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं, मूल होण्यात अडचण येऊ शकते, हे त्याला ताऱ्यांच्या बातम्यांतून क्वचितच कळतं. कारण तिथं प्रश्न नेहमी एकच असतो, हा माणूस चांगला की वाईट.

या मुलापर्यंत पोहोचायचं असेल, तर दोषी ठरलेल्या नायकाची वाट पाहून भागणार नाही. भरतीची जाहिरात निघते, त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या पानावर, गावच्या भाषेत, डॉक्टरांच्या तोंडून ही माहिती छापून आली पाहिजे, आणि रेडिओवरूनही सांगितली गेली पाहिजे.