नकाशातला माणूस

शालेय भूगोल म्हटला की नद्या, पिके आणि राजधान्या आठवतात. माणूस बहुधा आठवत नाही. वस्तुतः एकटा रत्नागिरी जिल्हा नीट शिकविला, तरी लोकसंख्या, स्थलांतर आणि पर्यावरण ही प्रकरणे निरनिराळी राहत नाहीत. २००१ साली तेथे सुमारे १६ लाख ९७ हजार लोक होते; २०११ च्या जनगणनेत ते १६ लाख १५ हजार भरले. त्याच दशकात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. रत्नागिरीत तेव्हा दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. हा आकडा विद्यार्थी पाठ करतो. परीक्षेला तेवढे पुरते. पण पुरुष गेले कोठे, हे विचारल्याखेरीज भूगोलाला आरंभच होत नाही. एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांनी त्यांना ओढून नेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी ती वाट मोडली नाही. पाऊस म्हणावा तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक. परंतु जांभ्याच्या सड्यावर तो ठरत नाही, उतारावरून थेट समुद्राला मिळतो. मग वैशाखात विहिरी आटतात, आणि हंडा घेऊन दूरच्या झऱ्यावर जाणे येते ते मागे राहिलेल्या स्त्रियांच्याच वाट्याला.