गुणांचा खेळ



यंदाच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. संगणकावरच्या खेळांचा साहित्य मंडळाशी संबंध काय? आता हा मजकूर छापून तुमच्या हाती पडतो आहे, तेव्हा तोच प्रश्न घेऊन तुम्ही तो वाचाल. संबंध आहे असे मला वाटते, आणि तो एका शब्दापासून सांगायला सुरुवात करतो. तो शब्द म्हणजे ‘गुण’.

परीक्षेत मिळतात ते गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच. लग्न ठरवताना छत्तीसपैकी किती जुळले हे आपण बघतो, तेही गुण. माणसाचा स्वभाव आणि आकडा यांना एकाच शब्दात बसवणारी आपली भाषा आहे. संगणकावर ज्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्या खेळांचा सारा पाया या एका शब्दात आला. मी त्यांना सोंगाचे खेळ म्हणतो. खेळणारा एखादे सोंग घेतो, आणि त्या सोंगाच्या अंगी काय किती आहे हे आकड्यांत लिहिलेले असते.

याची सुरुवात संगणकावर झाली नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चार-पाच जण, कागद, पेन्सिली आणि फासे. प्रत्येक पात्राला सहा गुण: बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवरची छाप. तीन फासे टाकायचे, बेरीज येईल तो आकडा. म्हणजे कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. बुद्धी आणि शहाणपण यांचे दोन वेगळे रकाने करणारा माणूस संसार बघितलेला असावा. भरपूर शिकलेला पण शहाणपणाच्या नावाने आनंद, असा एखादा नातेवाईक कोणाच्या घरात नाही?

पुढची रीत साधी आहे. पात्राला भिंत चढायची आहे, पहारेकऱ्याला फसवायचे आहे. त्या कामाला लागणारा गुण बघायचा, फासा टाकायचा, आणि जमले की नाही ते कळते. कादंबरीकार ‘तो भित्रा होता’ असे लिहून पुढे जातो. इथे भित्रेपणा वेळ आल्यावर, फाशासमोर सिद्ध होतो.

संगणकाने ही पद्धत लगोलग उचलली, कारण आकडेमोड हेच त्याचे काम. पण बहुतेक खेळांत तो हिशेब मारामारीपुरता उरला. राक्षस मारा, गुण मिळवा, बलवान व्हा, आणखी मोठा राक्षस मारा. त्यांच्याविषयी मला फार बोलायचे नाही. ज्यांनी हा हिशेबच उलटसुलट करून पाहिला, त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

पहिला, १९८५ सालचा रिचर्ड गॅरियटचा ‘अल्टिमा फोर’. या खेळात शेवटी मारण्यासाठी खलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, आध्यात्मिकता आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचे, हे ध्येय. शब्द आपलाच आहे, संस्कृतातून तिकडे गेलेला. आज मोबाइलवरच्या चित्राला जगभर ‘अवतार’ म्हणतात, ती वाट याच काळातल्या खेळांपासून निघते. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई तुमच्यापुढे पेच टाकते. दर वेळी दोन सद्गुण समोरासमोर, आणि एकच निवडायचा. नम्रतेला सर्वांत वर ठेवलेत तर तुम्ही मेंढपाळ होऊन खेळात उतरता, आणि मेंढपाळाचा निभाव लागणे सर्वांत कठीण.

या खेळात जडीबुटी विकणारी एक अंध बाई आहे. माल घेतल्यावर किती नाणी द्यायची तो आकडा तुम्हीच टंकायचा. कमी दिलीत तरी तिला कळत नाही. पडद्यावरही काही होत नाही. पण आत कुठेतरी तुमच्या प्रामाणिकपणाचा आकडा खाली आलेला असतो. आकडा दिसतही नाही. किल्ल्यातल्या एका द्रष्ट्याकडे जाऊन विचारायचे, आणि तो गोलमोल बोलणार. परीक्षा रोज चालू आहे, गुणपत्रिका मात्र हाती मिळत नाही.

इथे आपल्याला मोक्षपट आठवायला हरकत नाही. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, सापाच्या तोंडाशी दुर्गुण, वर मोक्ष. हाच खेळ पुढे इंग्लंडात गेला, त्यातली नीती हळूहळू गळाली आणि साप-शिडी उरली. पण मोक्षपटात तुम्ही शिडीवर चढता ते फासा पडला म्हणून; दया तुम्ही केलेली नसते, ती तुमच्या वाट्याला येते. अल्टिमात ती करावी लागते. माझी तक्रार एवढीच की थोड्याच वेळात खेळाडूला मेख कळते. भिकाऱ्याला एकेक नाणे पुन्हा पुन्हा दिले की करुणा वाढते. मग दान उरत नाही, पुण्याचा जमाखर्च उरतो. अर्थात असे दानशूर आपल्याही ओळखीचे आहेत.

१९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये बुद्धीचा आकडा अगदी कमी ठेवला तर तुमच्या पात्राला नीट बोलताच येत नाही, हुंकार आणि तोडकेमोडके शब्द. ‘फॉलआउट टू’मध्ये टॉर नावाचा एक मंदबुद्धी गुराखी आहे. इतरांना त्याचे बोलणे कळत नाही. पण तुमचे पात्रही तसेच असेल, तर त्या दोघांचा संवाद एकदम अस्खलित, सुसंस्कृत होतो. हा विनोद आहे, पण लेखकाला सुचणारा विनोद आहे. आकड्याने दृष्टिकोन बदलला.

१९९९ च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ने त्याहून मोठे धाडस केले. नायक शवागारातल्या दगडी ओट्यावर जागा होतो. त्याला नाव नाही, स्मृती नाही, आणि त्याला मरण येत नाही. मारले तर तो पुन्हा उठतो. असे किती जन्म झाले आणि त्या जन्मांत त्याने कोणाचे काय वाटोळे केले, हे त्याला कळत जाते. ख्रिस अव्हेलोन या मुख्य रचनाकाराने इथे बळापेक्षा शहाणपणाला भाव दिला. शहाणपण जास्त असेल तर जुन्या आठवणी परत येतात, आणि त्या आठवणींनीच पात्र वाढते. तलवारीऐवजी पश्चात्तापाने अनुभव मिळवणारा नायक! समीक्षकांनी कौतुक केले. विक्री मात्र बेताची झाली. पुढे वर्षानुवर्षे लोक तो एकमेकांना सुचवत राहिले, आणि २०१७ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. पुस्तकांच्या बाबतीत हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला त्या खेळाकडे येतो. ‘डिस्को एलिझियम’, २०१९. तो ज्या मंडळींनी केला त्यांचे मूळ एस्टोनिया या देशातले. लोकसंख्या सुमारे १३ लाख, म्हणजे आपल्या बडोदा शहराहूनही कमी. मुख्य लेखक रॉबर्ट कुर्विट्झ. त्याने २०१३ मध्ये आपल्या भाषेत, एस्टोनियनमध्ये, एक कादंबरी प्रसिद्ध केली होती. ती फारशी खपली नाही. मग त्याच काल्पनिक जगावर त्याने आणि त्याच्या मित्रांनी खेळ लिहिला, आणि तो इंग्रजीत लिहिला.

एक पोलीस तपासनीस वसतिगृहाच्या खोलीत दारूच्या अमलातून जागा होतो. स्वतःचे नावही आठवत नाही. मागच्या अंगणात झाडाला एक प्रेत कित्येक दिवस लटकते आहे, आणि तपास त्याच्याकडे आहे. या खेळात वेगळी अशी लढाई नाहीच. आहेत ते गुण: बुद्धी, मन, देह आणि हस्तकौशल्य या चार गटांत सहा-सहा, एकूण चोवीस. आणि हे गुण बोलतात. तपासनिसाच्या डोक्यात ते चोवीस आवाज आहेत. तुम्ही कोणाशी बोलत असता, आणि मध्येच तर्क कानाशी येऊन सांगतो की हा माणूस वेळेचा हिशेब चुकवतो आहे. सहानुभूती म्हणते, त्याला काही विचारू नकोस, तो रडवेला झाला आहे. विश्वकोश कोणी न विचारलेली माहिती देत बसतो. व्यसनाचा आवाज म्हणतो, आधी एक सिगारेट.

यातली खरी युक्ती अशी की गुण वाढवला म्हणजे भलेच होते असे नाही. नाटकीपणाचा गुण फार वाढला की त्याला समोरचा प्रत्येक जण खोटारडा वाटू लागतो. दराऱ्याचा वाढला की तो क्षुल्लक कारणावरून मान मागत सुटतो. पन्नास वर्षे सोंगाचे खेळ सांगत आले की जास्त गुण म्हणजे जास्त चांगले. इथे प्रथमच गुणाचा अतिरेक दोष होतो, आणि तेही उपदेश न करता; तो आवाज मोठा होतो, बाकीचे ऐकू येत नाहीत. आपल्याला माणसे अशीच ठाऊक आहेत.

फासे इथेही आहेत, दोन. बेरजेत गुणाचा आकडा मिळवायचा. दोन्ही षटके पडली तर काम होणारच, दोन्ही एक्के पडले तर फसणारच. काही प्रयत्न गुण वाढवून पुन्हा करता येतात, काही आयुष्यात एकदाच. छताच्या पंख्यावर अडकलेला स्वतःचा टाय ओढताना देहाचा गुण फारच कमी असेल तर हृदय बंद पडून खेळ पहिल्या काही मिनिटांत संपू शकतो! पण एरवी फसणे म्हणजे शेवट नव्हे. तपासनिसाला रंगमंचावर गाणे म्हणावेसे वाटते. फासा उलटा पडला तरी गाणे होतेच, आणि त्या बेसूर गाण्याचेही वेगळे ध्वनिमुद्रण केलेले आहे. अपयशासाठीसुद्धा लेखकाने तितक्याच मेहनतीने लिहिले आहे. अशा लिखाणाची बेरीज दहा लाख शब्दांच्या घरात जाते.

स्वागताबद्दल थोडे. २०१० मध्ये रॉजर एबर्ट या नामवंत अमेरिकी चित्रपट समीक्षकाने ठामपणे लिहिले होते की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाही. वादळ उठले, आणि काही महिन्यांनी त्यांनी एवढे कबूल केले की न खेळता असे बोलायला नको होते. डिस्को एलिझियमला २०१९ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात कथनासह चार पुरस्कार मिळाले, आणि त्या झगमगाटात मंचावरून मार्क्स-एंगेल्सचे आभार मानले गेले. पुढच्या वर्षी तीन बाफ्टा. त्यानंतरची हकीकत तितकी सुखाची नाही: कुर्विट्झ आणि त्याचे काही सहकारी कंपनीत राहिले नाहीत, हे २०२२ मध्ये जाहीर झाले. पण एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. खेळ गाजल्यावर चाहत्यांनी त्या न खपलेल्या एस्टोनियन कादंबरीचे स्वतःहून इंग्रजी भाषांतर केले. दहा वर्षांनी तिला वाचक मिळाले, ते खेळातून आले.

ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोलावून गावोगाव ग्रंथालये उभी केली, तिथे बसून आपण दर वर्षी म्हणतो की मुले वाचत नाहीत. तुमचा नातू रात्री अकरा वाजता पडद्यासमोर बसलेला दिसतो. तो गोळ्या झाडत असेल, किंवा दहा लाख शब्दांतले पाच हजार वाचत असेल. दाराबाहेरून दोन्ही सारखेच दिसते. आत जाऊन विचारा, तुझ्या माणसाचे गुण कोणते ठेवलेस? उत्तर लांबलचक येईल. ते इंग्रजीत येईल, ही मात्र अडचण आहे. डोक्यातले चोवीस आवाज इंग्रजीत बोलत असतील, तर घरातली मराठी जेवणाच्या टेबलापुरती राहते. पाच-पाच पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून आपण भाषा राखली, ती भजनात, नाटकात आणि भांडणात. मनाशी वाद घालण्याच्या भाषेचे काय?

म्हणून मी एक उद्योग करून पाहिला. त्या चोवीस गुणांना मराठी नावे द्यायची, आणि त्यांच्याकडून मराठीत बोलवून घ्यायचे. वाटले होते तितके अवघड गेले नाही. नाटकीपणाला तमाशातली ‘बतावणी’ आयती मिळाली. इच्छाशक्तीला ‘निग्रह’. धोक्याची चाहूल लागताच अंगावर धावून जाणाऱ्या गुणाचे इंग्रजी नाव अर्धवट उजेड असे आहे. त्याला ‘कातरवेळ’ म्हटल्यावर तो मूळ नावापेक्षाही भीतिदायक झाला. शहर ज्याच्याद्वारे बोलते तो ‘शहारा’. निर्जीव वस्तूंशी बोलणाऱ्या, स्वप्नाळू गुणाच्या इंग्रजी नावाचा अर्थ आतले साम्राज्य असा होतो, आणि आपल्याकडे ‘मनोराज्य’ कधीपासून पडून आहे.

तेवीस झाले. उरला तो सहकाऱ्यांविषयीचा, न सांगता एकमेकांच्या पाठीशी उभे राहण्याचा गुण. भाऊबंदकी म्हणावे, तर मराठीत त्याचा अर्थ नेमका उलटा होऊन बसला आहे. तुम्हाला सुचला तर मंडळाच्या पत्त्यावर कळवा.